खिडकीकडची जागा

दि. ४ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आहे, पण तो कुरकुरला नाही तरच आम्हाला काळजी वाटते. लिफ्ट पुन्हा बंद आहे. तीन मजले चढून पोस्टमन वर आला आणि तुझं पाकीट माझ्या हातात देऊन पायरीवर बसून राहिला. त्याला पाणी दिलं.

पाकिटातून कार्ड निघालं. कागद जाड आणि चांगला आहे, कडा सरळ कापल्यात, हे आधी सांगतो, कारण नंतर जे लिहिणार आहे ते तुला आवडेलच असं नाही. मधोमध 'मादोगिवा', खाली बारीक अक्षरांत 'व्यवसाय सल्लागार', आणि त्याच्याही खाली तुझं नाव, इतकं लहान की मला भिंग शोधावं लागलं. स्वतःचं नाव माणूस इतकं लहान का छापतो? आणि हे वर जे एवढं मोठं बसलंय, ते काय आहे?

फोन करून विचारलं असतं. पण फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि मागे तुझी बोटं टकटक करत असतात, म्हणजे मी बोलत असतो भिंतीशी. शिवाय तू पत्रात लिहिलंस, 'शब्द जपानी आहे. अर्थ मी सांगणार नाही बाबा, तुम्ही शोधा. शोधून झाल्यावर तुमचा होकार असेल तरच पाटी रंगवायला देईन आणि ती तुमच्याच हातून लावून घेईन. नसेल तर दुसरं नाव बघेन.' लहानपणी मी तुला कोडी घालायचो, त्याचा हा सूड दिसतोय. ठीक आहे.

चार घरी विचारलं. आपल्या खालच्या भूगोलमास्तरांनी डोळे मिटून सांगितलं, 'ज्वालामुखी. नक्की ज्वालामुखी. बेटाच्या दक्षिणेला.' नकाशा उघडायला लावल्यावर म्हणाले, नकाशा जुना आहे. औषधवाल्याला वाटलं पित्तावरची गोळी असेल, त्याने कपाटात शोधलीसुद्धा. तुझी आई म्हणते शिवणयंत्र. तिच्या आत्याकडे एक होतं, त्यावर असंच काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते कधीच धड चाललं नाही. 'पोरीने विचार करून ठेवलं असेल हो,' असंही म्हणाली. म्हणजे ती तुझ्या बाजूची आहे, हे तू धरून चाल.

आता नावाखालच्या शब्दाबद्दल. तू पगाराची नोकरी सोडलीस तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' म्हणालो, आणि तू ताट अर्धं ठेवून उठलीस. त्यानंतर सहा महिने तू घरी आलेली नाहीस. माझं मत अजून तेच आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, त्यांना त्यांचंच काम कसं करावं ते सांगायचं आणि संध्याकाळी निघून यायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. 'सल्लागार' हा शब्दच मला सोसत नाही. का ते विचारू नकोस, वयाचा भाग समज.

पण कोडं घातलंयस तर सोडवणार. ग्रंथालयाचं माझं कार्ड अजून चालू आहे.

आईने तुला जेवणाच्या वेळा सांभाळायला सांगितलंय. मी काही सांगितलेलं नाही, पण सांभाळ.

तुझे (अजून रुसलेले),
बाबा

दि. ११ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. निम्मं कोडं सुटलं. पत्र संपेपर्यंत दम निघणार नाही म्हणून आधीच सांगतो. मादो म्हणजे खिडकी. आणि गिवा म्हणजे कड, काठ, लगतची जागा. खिडकीकडची जागा. बरोबर की नाही?

कसं शोधलं ते ऐक. ग्रंथालयात जपानवर तीन पुस्तकं होती. एक बागांचं, एक भूकंपाचं, आणि एक कागदाच्या घड्या घालून पक्षी बनवायचं. तिन्ही उलटी-सुलटी वाचली. भूकंपाच्या पुस्तकात खिडक्या पुष्कळ होत्या, पण फुटलेल्या. शेवटी ग्रंथपालबाईंना माझी दया आली असावी, कारण मी पक्ष्यांच्या पुस्तकातून एक बगळा घडवायला घेतला होता आणि त्याची मान होत नव्हती. त्या म्हणाल्या, 'आजोबा, शब्दाचा अर्थच हवाय ना, मग वरच्या मजल्यावर जा की. तिथे संध्याकाळी जपानी शिकवतात.' पंचवीस वर्षं मी त्या ग्रंथालयात जातोय आणि वरच्या मजल्यावर काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. मला, ज्याला सगळ्यात नाक खुपसायची सवय.

वर एक बाई आहेत. यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी होत्या, आता निवृत्त. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, बोलणं मोजून. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, आणि भुवया वर गेल्या. 'हे कुणाचं?' म्हणाल्या. मी म्हटलं, मुलीचं. 'हे नाव मुलीने स्वतः निवडलंय?' मी म्हटलं, ती कुणाचं ऐकून काही निवडेल तर सूर्य पश्चिमेला उगवेल. मग त्यांनी अर्थ सांगितला. म्हणाल्या, या शब्दाला पुढे अजून एक शब्द लागतो, तो लागला की गोष्ट वेगळी होते. तेवढ्यात विद्यार्थी आले. आठ जण, सगळे माझ्या निम्म्या वयाचे, आणि मला पाहून उभे राहिले. नवे मास्तर आलेत असं त्यांना वाटलं. मी हात हलवून निघालो. परवा पुन्हा जाणार आहे.

खरं सांगू, नाव मला आवडलं. रस्ताभर पुटपुटत आलो. खिडकी ही काय चीज आहे ते मला विचार. कारखान्यातल्या ड्रॉइंग विभागात नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा खिडकीच काढायला द्यायचो. दार कुणीही काढतो. खिडकीचा उभा छेद काढायला लागलं की माणूस कळतो. खालचा कठडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, नाहीतर पाणी आत येतं. दहातले आठ जण तो सपाट काढतात. मी काही बोलायचो नाही, नुसता पाण्याचा एक थेंब पेन्सिलीने काढून दाखवायचो, आणि तो थेंब घरात शिरायचा. पोरं हसायची, पुन्हा चुकायची नाहीत.

आईला अर्थ सांगितला. ती शर्टाचं बटण शिवत होती. 'खिडकी होय,' म्हणाली आणि दोरा तोडला. शिवणयंत्र नाही निघालं म्हणून वाईट वाटलं असेल.

तर तुझ्या ऑफिसला खिडकी मोठी आहे का? बाहेर काय दिसतं? रस्त्याकडे आहे की मागच्या बाजूला? मागच्या बाजूची असेल तर घेऊ नकोस. मागच्या बाजूला काही घडत नाही. रस्त्याकडची असावी, आणि समोर निदान एक बसथांबा आणि दोन दुकानं असावीत, म्हणजे दिवस जातो.

होकार अजून देत नाही. उरलेलं निम्मं कळू दे. पण पेंटर कोण आहे, अक्षरं हाताने काढतो की छापील चिकटवतो, ते कळव.

तुझे,
बाबा

दि. १३ जून

चि. मुलीस,

आशीर्वाद. दुभाषीबाईंना भेटून आलो. उरलेलं निम्मं कळलं.

कंपनीला ज्यांना काढता येत नाही आणि ज्यांना द्यायला कामही नसतं, अशा माणसांना तिकडे खिडकीलगत टेबल देतात. त्यांनी रोज यायचं, बसायचं, घरी जायचं. त्यांना लोक खिडकीकडची मंडळी म्हणतात. बाई म्हणाल्या, तिकडे गमतीनं म्हणतात. गंमत मला कळली नाही.

नाव बदल. ज्यांच्यासाठी कुणाकडे काम नाही त्यांचं नाव कपाळावर लावून फिरणाऱ्या सल्लागाराला कोण बोलावेल? हात दाखवून अवलक्षण कशाला? हे तुला सुचलं कुठून, ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

माझा होकार नाही. पाटी लावायला मी येणार नाही.

आईला हे पत्र टाकल्याचं माहीत नाही.

बाबा

दि. २० जून

चि. भिंगरीस,

अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. सांगू नकोस म्हटलेलं सगळं तू सांगितलंस. तुला सांगून उपयोग नसतो हे आठवायला हवं होतं. मी ते पत्र गॅलरीत वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग आई भाजी आणायला गेल्यावर मोठ्याने वाचलं. आता उत्तर लिहायला बसलोय आणि पेन चालत नाही, म्हणून दुसरं घेतलंय. दोष पेनाचा नव्हता.

तर तू लिहिलंस तसं, शाळेच्या सहलीच्या कागदावर सही हवी होती म्हणून तू दुपारी कारखान्यात आलीस. वॉचमन म्हणाला, 'वर बघ, तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसलेत ना, तेच तुझे बाबा.' तू वर आली नाहीस. रस्ता ओलांडून बसथांब्याच्या रांगेत उभी राहिलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी टेबलाशी बसलो होतो, टेबलावर काही नव्हतं, आणि मी रस्त्याकडे बघत होतो. दोन बस गेल्या, तू चढली नाहीस. सही आईची घेतलीस.

हे वाचून मला कशाचं दुःख झालं असेल? तुला कळलं याचं? तेही झालं. पण आधी दुसरंच झालं. त्या रस्त्यावर माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा समज होता. समोरचा शिंपी किती वाजता चहाला जातो, बँकेतली कॅशियर कुठल्या वारी छत्री विसरते, एका कानाचं कुत्रं कुणाच्या पायरीवर झोपतं, सगळं ठाऊक. आणि माझी पोर समोर दप्तर घेऊन उभी, आणि ती मला दिसली नाही. तू रांगेत येशील असं माझ्या डोक्यातच नव्हतं, म्हणून दिसली नाहीस. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

आता मी लिहितो, कारण तू लिहिल्यावर मी गप्प बसलो तर ते बरं नाही.

कॉम्प्युटर आले तेव्हा ड्रॉइंग विभागातली उतरती टेबलं गोदामात गेली. पोरं चटकन शिकली. मीही शिकायला बसलो, पण पडद्यावरची रेघ माझ्या हाताला लागेना. रेघ काढली असं वाटायचंच नाही. कुणी वाईट वागलं नाही, हे मात्र लिहून ठेव. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाले, 'तुमच्या अनुभवाचा आम्हाला उपयोग आहे. तुम्ही आजपासून सल्लागार.' टेबलावर पितळी पट्टी लावली, 'सल्लागार, आराखडे'. टेबल खिडकीशी होतं. पहिले काही दिवस मी पेन्सिली टोकदार करून बसलो. कुणी येईल, विचारेल. नंतर पेन्सिली खणात ठेवल्या. निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे कुणी एकही सल्ला मागितला नाही. पगार वेळेवर मिळायचा.

म्हणून तू 'सल्लागार' म्हणालीस तेव्हा मला तुझ्यासमोर ती पितळी पट्टी दिसली. ते सांगता आलं नाही आणि म्हण आठवली, ती फेकून मारली.

आता आईचं ऐक. तुझं पत्र आल्याच्या संध्याकाळी मी तिला विचारलं. ती इस्त्री करत होती. मी म्हटलं, 'कारखान्यातली माझी शेवटची वर्षं... तुला काही कल्पना होती का?'

ती म्हणाली, 'काम नव्हतं ते? होती की.'

'कधीपासून?'

'पहिल्या आठवड्यापासून. तुमच्या उजव्या बाहीला शाई लागायची बंद झाली. इतकी वर्षं मी ती बाही घासत आले, मला कळणार नाही होय?'

मी म्हटलं, 'मग बोलली का नाहीस?'

तिने शर्टाची कॉलर उलटी केली, दाबली, आणि मग म्हणाली, 'तुम्ही रोज जेवताना ऑफिसातली गोष्ट सांगायचात. आधी कधी सांगत नव्हता. आधी तुम्ही जेवायचात, झोपायचात. शाई गेली आणि गोष्टी सुरू झाल्या. शिंप्याची, कुत्र्याची, त्या दोन भांडणाऱ्या चपलावाल्यांची. पोरगी घास हातात धरून ऐकायची. मी बोलले असते तर तुम्ही आणल्या असत्यात का गोष्टी दुसऱ्या दिवशी?'

नसत्या आणल्या.

'आणि मला पण हवं होतं ना, त्या चपलावाल्यांचं पुढे काय झालं ते,' म्हणाली.

म्हणजे तिला ठाऊक, तुला ठाऊक, मला तर ठाऊकच, आणि तिघंही एकमेकांना सांभाळत जेवत होतो. वर मी जपानी शब्दाचा अर्थ शोधायला भूगोलमास्तरांपासून औषधवाल्यापर्यंत गावभर हिंडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाकी मास्तर अजून ज्वालामुखीवर ठाम आहेत.

तू लिहिलंयस की हे नाव माझ्या दुःखाचं म्हणून ठेवलं नाहीस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कुणाच्या कंपनीत गेल्यावर पहिले काही दिवस तू कुणाला काही विचारत नाहीस. सगळं दिसेल अशी जागा मागतेस आणि बसतेस. मॅनेजर वैतागतात, म्हणतात आम्ही हिला बसायचे पैसे देतोय का. मग तू त्यांना सांगतेस की त्यांची माणसं एकाच ड्रमला वळसा घालून दिवसभर चालतात आणि तो ड्रम रिकामा आहे. ते विचारतात, ही पद्धत कुठे शिकलात, जपानला? आणि तू म्हणतेस, घरी, जेवताना. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच चष्मा काढावा लागला. तू त्या गोष्टी नुसत्या ऐकत नव्हतीस तर. मी तिथे बसून काय करत होतो ते मला कळलं नव्हतं, ते तुला कळलं होतं. मला वाटायचं मी वेळ काढतोय.

एक गोष्ट मी जेवताना कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. माझ्या शेवटच्या दिवशी हिशेब विभागातल्या एका गृहस्थाला माझ्या टेबलाशी आणून सोडलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात डबा. तो उभाच राहिला. म्हणाला, 'इथलं काम काय असतं?' त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला खोटं बोलवेना. मी त्याला खिडकीशी नेलं आणि रीतसर चार्ज दिला. शिंपी किती वाजता उघडतो, आत गेलेलं गिऱ्हाईक रागाने बाहेर येतं का, कुत्रं कुठे गेलं तर शोधायचं, चपलावाल्यांचं भांडण कशावरून आहे आणि ते कुठवर आलंय, शाळा सुटल्यावर कुठल्या पोराला रस्ता ओलांडताना भीती वाटते. तो आधी माझ्याकडे बघत होता, मग रस्त्याकडे बघायला लागला. मी निघालो तेव्हा तो पाठमोरा होता. त्याने विचारलं, 'आणि ती पिवळ्या साडीतली बाई? ती रोज असते?' मी म्हटलं, ती नवीन आहे, तिचं तुम्ही बघा. जिना उतरताना मला बरं वाटत होतं. निवृत्त होताना माणसाला काहीतरी सोपवून जायचं असतं, ते माझ्यापाशी होतं, एवढंच तेव्हा जाणवलं.

तर नाव राहू दे. माझा होकार आहे. आईचा पहिल्यापासून होता. दुभाषीबाईंनाही सांगून आलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तिकडच्या लोकांना हे सांगायला हवं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मला भाषा येत नाही. त्यावर त्यांनी मला वर्गात बसायचं आमंत्रण दिलंय. विचार करतोय.

पाटी लावायला येतो. हार नको, भाषण नको. पाटी बरोबर रेषेत बसली पाहिजे, म्हणून बुडबुड्याची पाणसळ मी घेऊन येईन. तुझ्या पेंटरला म्हणावं, दोन अक्षरांमधली जागा मोजून सोडायची नसते, डोळ्याने सोडायची असते. 'गि'ची वेलांटी 'दो'च्या मात्रेला धडकवलीस तर पुन्हा काढायला लावीन, हेही सांग.

राहिली तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. तिच्यासाठी मी हे पत्र दोन दिवस थांबवलं.

दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर रोज सकाळी रांगेचा गुंता होतो, लोक भांडतात, औषधं चुकतात, आणि का ते कुणालाच कळत नाही. तू चार दिवस बसलीस, तुलाही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना काहीतरी सांगावं लागेल, नाहीतर ते काम जाईल, आणि पहिलंच मोठं काम आहे. आणि मग तू लिहिलंस, 'बाबा, मला सल्ला हवाय. येऊन बघाल का?'

किती साधी ओळ लिहिलीस. बघाल का. मी ती वाचून उठलो आणि स्वच्छ शर्ट शोधायला लागलो. आई म्हणाली, कुठे निघालात? मी म्हटलं, कुठे नाही. पण शर्ट काढून ठेवलाय. पायातले बूट मास्तरांच्या चांभाराकडून शिवून आणले. काल रात्री झोप लागली नाही, ती काळजीने नव्हे, हे तुला कळावं.

मला कळेलच असं मी म्हणत नाही. चार दिवस तुझे डोळे तिथे होते आणि ते माझ्याहून तरुण आहेत. कदाचित मीही बसून बसून रिकाम्या हाताने परत येईन, मग काय करायचं ते आपण दोघं ठरवू. पण आधीच काही सांगू नकोस. नकाशा दाखवू नकोस, कुणाचा दोष वाटतो ते बोलू नकोस. तिथल्या लोकांना फक्त एवढं सांग की सोमवारपासून एक म्हातारा येईल, त्याला कुणी हाकलू नये. आणि माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवू नकोस. आजवर मला दुसऱ्यांनी बसवलं तिथे मी बसलो. दवाखान्यात मी आधी उभा राहून सगळीकडे फिरेन, आणि बसायची जागा या वेळी मी निवडेन.

सोमवारी सकाळच्या बसने कामावर रुजू होत आहे.

तुझा,
बाबा